सुटल्यानंतरची हजेरी

भालेराव बाई रिकाम्या वर्गाची हजेरी घ्यायच्या. हे वाक्य टाकलं की मी मुद्दाम थांबतो, चहाचा एक घोट घेतो आणि समोरच्याच्या हातावर काटा आला की मगच पुढे बोलतो. तुम्हालाही ती संधी देतो. घ्या, थांबलो.

आमची शाळा मार्केट यार्डापासून चालत दहा मिनिटांवर. सकाळी माध्यमिक, दुपारी प्राथमिक. मधला अर्धा तास शाळा कुणाचीच नसते. पंखे बंद, फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित, हवेत डब्यांचा वास आणि भर उन्हातही जिन्यात उगाच गारवा. मी तेव्हा नवीन होतो. एरवी मराठी शिकवायला आणि डिसेंबरात स्नेहसंमेलन उभं करायला मला घेतलेलं. दुसऱ्याच दिवशी विसरलेली छत्री आणायला वर गेलो, तर आठवी 'क'मधून आवाज आला. "अकरा." मग शांतता. "बारा." पुन्हा शांतता.

मी डोकावलो. खळ केलेली सुती साडी नेसलेल्या एक ठेंगण्या बाई टेबलाशी उभ्या होत्या. पुढ्यात हजेरीपट, डोळे मिटलेले. प्रत्येक आकड्यानंतर त्या कान देऊन थांबायच्या आणि कुणी उत्तर दिल्यासारखी मान हलवायच्या. समोर नुसते बाक.

"बाई, कुणाची हजेरी चाललीय?"

"आठवी 'क'ची. दारावर लिहिलंय," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

छत्री तिथेच राहिली. मी मात्र शिक्षकांच्या खोलीत जाऊन तो प्रसंग साभिनय सादर केला. दुसऱ्या प्रयोगात मागच्या बाकावरून 'हजर' असा बारीक आवाज आला. चौथ्या प्रयोगापर्यंत बाईंचे पाय उलटे झाले होते. दिवाळीपर्यंत पाचवीची पोरं त्या वर्गावरून पळत जाऊ लागली. कबूल करतो, मजा आली.

एक दिवस बाईंनी मला जिन्यात गाठलं. "सर, तुमच्या गोष्टीत माझे पाय उलटे आहेत म्हणे?"

माझी नजर नकळत त्यांच्या पायांकडे गेली.

"असू देत. पण पुढच्या वेळी साडी तरी बरी नेसवा. ही रोजचीच घातलीत."

मग त्यांनीच सांगितलं. सकाळी त्या प्रत्येक मुलाचा चेहरा बघायच्या. सुटताना फाटकाशी उभं राहून प्रत्येकाची पाठ बघायच्या. मग वर येऊन एकेक नंबर घ्यायचा. नंबर घेतला की ते मूल डोळ्यांसमोर यायला हवं. "आलं नाही, तर समजायचं की आज त्याच्याकडे कुणी बघितलेलं नाही. मीसुद्धा. उद्या पहिल्यांदा त्याच्याशी बोलायचं. अहो, आले किती ते सगळेच मोजतात. गेले किती, ते कोण बघणार?"

इतकं साधं होतं ते. तरी पुढे जे घडायचं ते साधं वाटायचं नाही. बाई चहा पिताना मध्येच म्हणायच्या, "सतरा नंबर डबा खात नाहीये." चौकशी केली की निघायचं, चार दिवस खात नाहीये. "नऊ नंबर झोपत नाही." खरंच झोपत नसायचा. मी विचारायचो, "बाई, तुम्हाला कोण सांगतं?" त्या म्हणायच्या, "सांगतं कोण? बघते." मला मात्र त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांची भीती वाटायची. उघडे असताना त्या माझ्याकडेही बघायच्या, आणि एकदा म्हणाल्या, "सर, आज जास्त हसताय. घरी सगळं ठीक?" ठीक नव्हतं.

शाळेत समुपदेशन कक्षही झाला होता. दारावर 'मनमोकळं बोला' अशी पाटी आणि त्याच दाराला कुलूप, कारण समुपदेशक यायच्या एकाआड एक बुधवारी. बाई म्हणायच्या, "पोरांनी रडायचं ते बुधवार बघून."

आता मुख्य प्रवेश. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. प्राथमिकला आदल्याच दिवशी सुट्टी लागलेली, त्यामुळे दुपारी कुणी येणार नव्हतं. शिपाई फाटकाशी साखळी घेऊन उभा. मला स्वारगेटहून कोल्हापूरची गाडी गाठायची होती. निघता निघता बाईंना शुभेच्छा द्यायला वर गेलो.

"एकतीस," बाई म्हणाल्या. थांबल्या. "एकतीस." पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"बाई, आजच्या दिवस तरी सोडा त्यांना."

"सानिकाची पाठ दिसत नाहीये."

"गर्दीत निसटली असेल. शेवटचा दिवस, सगळी उधळलीत."

बाईंनी डोळे उघडले. "सकाळी चेहरा दिसला होता. पाठ नाही." मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "सर, तुम्ही आज काय काय बंद केलंत?"

माझा हात खिशाकडे गेला. स्टेजखालच्या खोलीची किल्ली. आमच्या नाटकांचे कपडे तिथे असतात. खोलीला खिडकी नाही, किल्ली एकच, आणि ती माझ्याबरोबर तीन आठवडे कोल्हापूरला निघाली होती.

जिना मी कसा उतरलो ते सांगता येणार नाही. कुलूप काढलं, मोबाईलचा उजेड आत टाकला. यमाचा मुकुट, सैनिकांच्या ढाली, दांडीवर ओळीने टांगलेले मखमली अंगरखे. सगळं जागच्या जागी, निश्चल. फक्त एका अंगरख्याला पाय होते.

बाई मला बाजूला सारून आत गेल्या, अंगरखा सरकवला आणि त्या पोरीशेजारी जमिनीवर बसल्या. सानिका दप्तर पोटाशी धरून टक्क जागी होती.

"मी कुलूप लावलं तेव्हा हाक का नाही मारलीस गं?" मी विचारलं.

"ऐकलं मी, सर. कुलूप लागलेलं." आवाजात रडू नव्हतं, तेच वाईट होतं. "आईला सांगितलंय, मी बाबांकडे लोणीला चाललेय. बाबांना सांगितलंय, आईकडेच राहणार. ते दोघं बोलत नाहीत एकमेकांशी. म्हटलं, बघू, कितव्या दिवशी लक्षात येतं."

बाईंनी उपदेश केला नाही, जवळही ओढलं नाही. मांडीवर हजेरीपट उघडला. "एकतीस."

सानिकाने दप्तर आणखी घट्ट धरलं.

"एकतीस. मला पुढचे बारा नंबर घ्यायचेत, आणि सरांची गाडी आहे."

"हजर," ती म्हणाली, आणि मग रडली.

गाडी अर्थातच गेली. तासा-दीड तासात आई आली, बाबा आले. बाईंनी दोघांना आठवी 'क'च्या एकाच बाकावर बसवलं आणि झालं ते सगळं, कुलपासकट, सांगितलं. बाबांनी, "पण मॅडम, हिची आईच–" अशी सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "आपण नंतर बोला. आधी दोघं एकमेकांना फोन लावा. इथेच, माझ्यासमोर. नंबर आहे ना अजून?" शेजारी शेजारी बसलेले दोन फोन एकापाठोपाठ वाजले. त्यानंतर त्यांचं पटलं असं नाही. पण सानिका आज कुठे जेवणार, हे रोज एकाने दुसऱ्याला कळवायचं, एवढं ठरलं आणि ते पाळलं गेलं. त्या दिवशी ती आईबरोबर गेली. बाई फाटकाशी उभ्या राहिल्या, तिची पाठ वळणाआड होईपर्यंत. मग वर जाऊन त्यांनी बत्तीसपासून हजेरी पुरी केली.

गेल्या वर्षी बाई गेल्या. निवृत्तीला चार महिने राहिले होते. रविवारी दुपारी येरवड्याच्या घरी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. आदल्या दिवशी, शनिवारी, मी फाटकाबाहेर पडलो तेव्हा वरून आवाज येत होता. "अकरा." मग शांतता.

आठवी 'क' आता माझ्याकडे आहे. शाळा सुटली की मी फाटकाशी उभा राहतो, मग वर जाऊन डोळे मिटतो आणि नंबर घेतो. पाचवीची पोरं दारावरून पळत जातात. माझेही पाय उलटे झालेत असं ऐकतो. बरोबरच आहे.

सगळे नंबर संपले की शेवटी मी बाईंचं नाव घेतो. चेहरा लगेच दिसतो, जिन्यात गाठल्यासारखा. पाठ दिसत नाही. कशी दिसणार? त्या नेहमी सगळ्यांच्या नंतर निघायच्या. इतक्या वर्षांत भालेराव बाईंना शाळेतून जाताना मी एकदाही पाहिलेलं नाही.

म्हणून कुठल्याही खोलीला कुलूप लावण्याआधी मी आत डोकावतो, "कुणी आहे का?" असं विचारतो, आणि उत्तरासाठी थोडा थांबतो.