विहाराच्या टाकीला आलेलं उधाण

खुर्सीपारमध्ये समुद्र नाही. भिलाईत कुठेच नाही. सगळ्यात जवळचा समुद्र गाठायचा म्हटलं तरी रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. तरीही सकाळी चहाच्या टपरीवर धोंडबा रामटेके आले की लोक आधी विचारत, "काका, आज समुद्र कसा?"

आणि धोंडबा सांगत. जूनमध्ये सांगत, "बंदी आहे. मासोळ्यांचे बाळंतपणाचे दिवस, नाव किनाऱ्यावर." ऑगस्टमध्ये म्हणत, "बंदी उठली, पण लाटा अजून माजल्या आहेत, आत जाणं बरं नाही." ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांचा चेहरा खुलायचा. "आता तेल ओतल्यासारखा शांत आहे. जाळं टाका आणि बसा." एकदा एका ऑटोवाल्याने घाबरून विचारलं, "मंग सवारी घेऊन दुर्गले जाऊ का नको?"

"तुले काय होते बे? जा!"

धोंडबांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. नोकरीचं सारं आयुष्य पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या धगीत गेलं, आणि रजा मिळाली की भंडाऱ्याकडचं गाव. पण त्यांची पायल नर्स झाली, रायगडच्या किनाऱ्यावर सरकारी दवाखान्यात लागली आणि तिथल्याच आनंद नावाच्या कोळ्याच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. आनंदची स्वतःची लहानशी नाव. तो पाण्यात गेला की इकडे सासऱ्याच्या घशाखाली भाकर उतरत नसे.

सुरुवातीला त्यांनी मोबाईलवर भरती-ओहोटी पाहायचं ॲप उतरवून घेतलं. महिनाभर रोज जावयाला फोन. "निघा आता, पाणी चढून राहिलं." आनंद बिचारा गुडघाभर चिखलात उभा राहून "हो बाबा" म्हणायचा. शेवटी पायलनेच शोधून काढलं. मोबाईलने भिलाईहून जवळचा समुद्र दाखवला होता, आणि तो निघाला ओडिशाकडचा. म्हणजे जावई पश्चिमेच्या समुद्रात आणि सासऱ्याची काळजी महिनाभर पूर्वेच्या समुद्रावर!

तेव्हा आनंदच्या आईने, हिराबाईंनी, विहीणपणाचा मान बाजूला ठेवून व्याह्यांना फोनवर शिकवलं, "ते मशीन ठेवा बाजूला. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. अवसेला-पुनवेला उधाण, पाणी जोरात, तेव्हा जाळी भरतात. अष्टमीला पाणी मरगळतं, तेव्हा माझा पोरगा घरी."

हिशोब सोपा होता. अडचण होती ती तिथीची.

कारण खुर्सीपारच्या बुद्धविहाराचे सचिव म्हणून धोंडबांची ख्याती एकाच गोष्टीची होती: तिथी-मुहूर्ताशी उभं वैर. स्वतःचं लग्न त्यांनी ठरवून अमोशेला लावलं होतं. कोणाच्या पत्रिकेत मुहूर्ताची वेळ दिसली तर मांडवात जाऊन विचारायचे, "ही वेळ कोणत्या घड्याळाची, बा?" मांजर आडवं गेलं नाही तर ते गेटजवळ थांबून एखादं जायची वाट पाहत. अशा माणसाच्या घरात पंचांगाचं कॅलेंडर असणं शक्यच नव्हतं.

ते होतं समोरच्या तुळसाबाईंकडे. तुळसाबाई गोंदियाकडच्या, उपासतापासवाल्या. धोंडबा रोज सकाळी वाटी घेऊन गल्ली ओलांडत.

"वहिनी, थोडी साखर द्या. आणि... आज तुमचा उपास-बिपास तर नाही ना?"

"नाही भाऊजी. एकादशी उद्या."

म्हणजे आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साखर सांडत धोंडबा घरी पळत. भागीरथाबाई डोक्याला हात लावत. "पायलचे बाबा, तुमाले शुगर आहे आणि घरात साखरेचे चार डबे झाले. लोकं काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील हे विहाराचे कोषाध्यक्ष गुलाब गजभिये यांनी एका रविवारी वंदना संपताच सांगून टाकलं. गुलाब रेल्वेतून निवृत्त, चरोद्याच्या यार्डात आयुष्य गेलेलं, आवाज अजून इंजिनाच्या वर चढणारा.

"सचिव साहेब, एक विचारू? तुमी रोज तुळसाबाईले तिथी विचारून राहिले. खरं का खोटं?"

धोंडबांना खोटं बोलता येत नसे. "खरं आहे. समुद्रासाठी विचारतो. चंद्र पाण्याले ओढते."

"चंद्र ओढते!" गुलाबराव सगळ्यांकडे वळले. "आमच्या पोरीच्या लग्नात आमी वेळ पाह्यली, तर तुमी आमचा पंचनामा केला. आता तुमच्या जावयाच्या नावेले ग्रहतारे चालतात?"

"अरे, हे विज्ञान आहे गुलाब."

"मंग आपल्या टाकीतलं पाणी कावून नाही ओढत? तो चंद्र काय खारंच पाणी पेते?"

लोक हसले. कॉलेजला जाणारी नीतू मागून म्हणाली, "अंकल, टंकी में नहीं होता, बहुत छोटी है ना," पण कोणी तिच्याकडे मान वळवली नाही. गुलाबराव म्हणाले, "बाबांनो, आपला धम्म काय सांगते? घासून पाहा, मंग माना. पाह्यचं. टाकीचं पाणी चढलं तर मी सगळ्यांसमोर माफी मागतो. नाही चढलं, तर यांनी सचिवपद सोडावं."

धोंडबांना ठाऊक होतं की टाकीचं पाणी चढणार नाही. पण घासून पाहण्याला नाही कसं म्हणायचं? जन्मभर त्यांनीच हे वाक्य दर रविवारी ऐकवलं होतं. त्या पदावाचून त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. पेन्शन, शुगर आणि रविवारचं भाषण. ते म्हणाले, "ठीक आहे. पाह्यू."

वर्षावास संपायची पौर्णिमा जवळच होती. त्या सकाळी झाडून सगळे जमले. गच्चीवरच्या काळ्या टाकीत अर्धं पाणी ठेवलं, कोणी वापरू नये म्हणून खाली जाणारा कॉक बंद केला, आतून खडूने रेघ मारली. झाकण लावून गुलाबरावांनी स्टूल टाकून टाकीच्या तोंडाशी बैठक मारली. खाली लाऊडस्पीकरवर भीमगीतं, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. बरोबर सव्वाअकराला त्यांनी झाकण उचलून टॉर्च मारला आणि त्यांचा आवाज प्रथमच इंजिनाच्या खाली आला.

"चढलं बे."

"किती?"

"चार बोटं. रेघ बुडाली."

मग जो गलका झाला! लोक जिन्यावरून एकमेकांच्या अंगावरून वर चढले, प्रत्येकाने वाकून बुडालेली रेघ पाहिली. कोणीतरी धोंडबांच्या गळ्यात हार घातला. गुलाबरावांनी माईक हातात घेतला आणि शब्दाला जागून माफी मागितली, मोठ्या मनाने, दोनदा. टाळ्या पडल्या. धोंडबांनी पुन्हा वाकून रेघ पाहिली. ज्या गोष्टीवर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता ती घडली होती.

तेवढ्यात भागीरथाबाईंनी त्यांना बाहीला धरून खाली विहाराच्या स्वयंपाकघरात ओढलं.

"ऐका. मोटर मी लावली होती."

"कोणती मोटर?"

"बोअरची. एवढ्या लोकांचा चहा करायचा, आणि नळाले पाणीच नाही. मले वाटलं टाकी रिकामी झाली. मले काय माहीत तुमी खालून कॉक दाबून ठेवला? शेवटी मोटर बंद केली आणि तुळसाबाईकडून दोन गुंड भरून पाणी आणलं तेव्हा चहा झाला." मग आवाज आणखी खाली आणून त्या म्हणाल्या, "आता चूप राहा. इतकी वर्षं बोलले, कोणी टाळी नाही वाजवली. आज वाजवली, घ्या ना."

धोंडबांनी हाराकडे पाहिलं. बाहेर दोन बाया पुढच्या अमोशेला ड्रम केव्हा भरायला ठेवावेत याची चौकशी करत होत्या. एक म्हातारा तर खालूनच टाकीला हात जोडून उभा होता. मुहूर्त गेला आणि टाकी आली!

त्यांनी माईक घेतला. "थांबा. पाणी चंद्राने नाही चढलं. मोटर लावली होती."

कोणालाच ते आवडलं नाही. गुलाबराव तर चिडलेच. "हे पाह्य धोंडबा, आता मागे नको घेऊ. मी माफी मागितली एवढ्या लोकांसमोर, ती काय फुकट? चढलं म्हणजे चढलं."

"अरे, पण मोटर..."

"मोटर लावायची बुद्धी वहिनीले बरोबर त्याच टायमाले कावून झाली? ते बी चंद्रानेच."

"गुलाब, असं नको बोलू बा."

"मी डोळ्यांनी पाह्यलं!"

मग फारच विचित्र प्रकार झाला. ज्याचं पद वाचलं होतं तो पुन्हा रेघ मारून लोकांना थांबायची विनवणी करत होता. आणि ज्याने त्याचं पद मागितलं होतं तो त्याचा चमत्कार वाचवत होता. शेवटी गुलाबराव स्टुलावर, धोंडबा पायरीवर, असे दोघे टाकीपाशी बसले. बाकीचे खीर खाऊन घरी गेले. दुपार झाली. पाणी जागचं हललं नाही.

"नाही चढत," गुलाबराव शेवटी म्हणाले.

"नाही चढत."

"मंग समुद्रात चढते हे तू पाह्यलं?"

धोंडबा बोटं मोजू लागले. मोबाईलने सांगितलं होतं. हिराबाईंनी सांगितलं होतं. जावयाने, पायलने, पुस्तकाने सांगितलं होतं. "नाही पाह्यलं," ते म्हणाले.

"म्हणजे तू बी मानूनच राह्यला."

हे गुलाबराव टोमणा म्हणून बोलले नव्हते, थकून बोलले होते. पण धोंडबांना ते खोल लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी उभं राहून सांगितलं की डोळ्यांनी पाहीपर्यंत मी सचिव नाही. सचिवाचा शिक्का गुलाबरावांच्या हाती ठेवला आणि भागीरथाबाईंना म्हणाले, "बांधा सामान. पायलकडे जाऊ."

"लेकीले भेटायले दोन वर्षं मी म्हणून राहिली, तेव्हा तुमाले टाइम नव्हता," भागीरथाबाई म्हणाल्या, पण पिशव्या तासाभरात भरल्या.

थंडीतल्या पौर्णिमेला सकाळी धोंडबा वाळूवर उभे होते. हिराबाईंनी नाश्त्याला तीनदा बोलावलं, ते हलले नाहीत. पाण्याच्या काठाशी त्यांनी आनंदची नाव ढकलायची काठी रोवली आणि विहाराला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे गुलाबराव, त्यांच्या मागे नीतू, तिच्या मागे अर्धं खुर्सीपार.

पाणी आलं. काठीच्या बुडाशी, मग वीतभर, मग हातभर. धोंडबांचा पायजमा भिजला. कितीही वेळा ऐकलेलं असलं तरी एवढा मोठा पसारा कोणी न ढकलता वर सरकताना पाहिला की माणसाचं काय होतं, ते भाषणात सांगता येण्यासारखं नसतं.

"काठी खाली धसून राहिली असन," फोनमधून गुलाबराव म्हणाले.

"नाही धसली."

"बोअर-बिअर पाह्य आजूबाजूले."

"एवढी मोटर कोणाजवळ आहे, गुलाब?"

तिकडे गुलाबरावांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मागे कोणीतरी "रेंज गेली का?" म्हणालं. मग गुलाबराव म्हणाले, "हे पाह्य, फोनमध्ये पाह्यलेलं मी मानत नाही."

"नको मानू. बरोबर आहे तुझं."

"मंग भिलाईहून तिकडे गाडी कोणती पडते?"

धोंडबा हसायला लागले. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, फोन डोक्याच्या वर धरून, ते गाडीचं नाव सांगू लागले. काठावरून भागीरथाबाई आणि हिराबाई दोघी मिळून ओरडत होत्या, की आता तरी बाहेर या.

"आणि तू बी लवकर वापस येजो," गुलाबराव म्हणाले. "शिक्का घेऊन जा तुझा. रविवारी मी बोलायले लागलो की लोकं झोपतात."