मोटार दुरुस्तीतला पहिला वर्ग

मोटार दुरुस्तीच्या परीक्षेत मी पहिल्या वर्गात पास झालो, तेव्हा मी एकही मोटार उघडून पाहिलेली नव्हती.

अंबडला आमची पिठाची गिरणी. नव्वदच्या सुमारास गावात विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा नवा कोर्स निघाला. "पुस्तकी शिक्षण बंद! हाताला काम आलं की नोकरी पक्की," असं म्हणत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं नाव घातलं. वर्गात मोटार एकच, तीही काचेच्या कपाटात. सर ओरडायचे, "हात लावू नका! तपासणीला दाखवायचीय." मग आम्ही बाहेरूनच तिची चित्रं काढली. (माझं तर भिंतीवर लागलं!) शेवटी प्रमाणपत्र मिळालं: 'प्रत्यक्ष कामात निपुण'.

जालन्याच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. खाली एक ओळ होती, 'काम करून दाखवावे लागेल.' मी ते पत्र अण्णांपुढं धरलं.

"भितो कशाला? आपल्या गिरणीची मोटार खोल अन् हात साफ कर," अण्णा म्हणाले.

खोलली. जोडली. चार स्क्रू उरले.

"कंपनीनं जास्तीचे दिले असतील," असं म्हणून मी बटण दाबलं आणि गिरणी चक्क उलटी फिरली! ज्वारी खाली उतरायची सोडून वर उडायला लागली. दळणाला आलेल्या बाया डबे टाकून पळाल्या. अण्णा मिशीसकट पांढरे!

"अरे निपुण, काय करून राह्यला हे?"

माझी धाकटी बहीण संगी दहावी नापास, पण लहानपणापासून गिरणीवर बसलेली. तिनं आधी मेन स्विच पाडला. "सरक दादा. तू दोन वायरींची अदलाबदल केलीस." मिनिटात चक्की बराबर सुलटी! स्क्रूही तिनंच बसवले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मोटार उलटी फिरली, तर काय कराल?"

हे मला येत होतं! मी आनंदानं ओरडलो, "धाकटीला हाक मारीन, साहेब!"

मग सगळं सांगावंच लागलं. साहेब हसता हसता म्हणाले, "उद्या तिलाच आणा."

"पण तिच्याकडं कागद न्हाई कोणताच."

"हात आहेत ना?"

संगीनं त्यांच्यासमोर मोटार खोलली, जोडली, सुरू केली. एक स्क्रू उरला न्हाई. तिला तिथंच कामावर घेतलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण पेढे मीच वाटले.

आता गिरणी मी सांभाळतो. मोटार बिघडली की दाराला 'बंद' अशी पाटी लावतो आणि रविवारची वाट बघतो. त्या दिवशी संगीला सुट्टी असते!