डॉक्टरांच्या गाडीची डावी स्प्रिंग

सबुरी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. गाडी घेऊन आलेल्या माणसानं ‘जरा लवकर होईल का?’ असं विचारलं की तो हात पुसत म्हणायचा, ‘सबुरीनं घ्या.’ आणि मग त्या माणसाच्या डोळ्यांदेखत कामाचा वेग आणखी कमी करायचा. त्यामुळे हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. गाड्यांच्या चाकांपासून बॉडीपर्यंतच्या मधल्या कामात, म्हणजे स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर, बुश यांच्या कामात, त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. गॅरेजच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्याची थोरली बहीण लेथवर बसायची. तिला सगळे आक्का म्हणायचे, लोखंड घेऊन येणारे तिच्याहून वीस वर्षांनी मोठे लोकसुद्धा.

तो पूर्वी असा नव्हता. सव्वीस वर्षांचा होता तेव्हा तो आणि आक्काचा नवरा, म्हणजे त्याचे भावोजी, एका मोठ्या वर्कशॉपमध्ये जोडीनं काम करायचे. कोण आधी चाक उतरवतो यावर पैजा लावायचे. एके दिवशी एका टेम्पोची पुढची स्प्रिंग काढताना जॅक अचानक खाली बसला आणि दाबातली स्प्रिंग सुटून भावोजींच्या जबड्यावर बसली. जॅक सबुरीनं लावला होता. जॅक खाली उतरवायची चावी आपण नीट आवळली नाही, असं त्यानं त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नाही म्हणणारं कुणी नव्हतं. भावोजींना तर तोंडच उघडता येत नव्हतं.

दातांच्या एका डॉक्टरांनी चौदा महिने, दर गुरुवारी, तो जबडा तुकड्या-तुकड्यानं जुळवला. भावोजी जगले, पण पुन्हा कामावर गेले नाहीत. बोलणं जड झालं, जेवण मऊ करून द्यावं लागायचं. आक्का वर्षभर भावाशी एक शब्द बोलली नाही. मग एक दिवस तिनंच त्याच्या नव्या गॅरेजात लेथसाठी जागा मागितली, आणि अपघाताचा विषय दोघांनी कधीच काढला नाही. सबुरी मात्र रोज संध्याकाळी भावोजींकडे जाऊन तासभर बसायचा. एकवीस वर्षांत फार तर पाच-सहा संध्याकाळी चुकल्या असतील.

त्याच डॉक्टरांचा एका मंगळवारी सकाळी फोन आला.

त्यांच्याकडे दोन माणसांची जुनी स्पोर्ट्‌स कार होती, गर्द हिरवी, तरुणपणी हौसेनं घेतलेली. गेल्या काही वर्षांत ती पुढून बसली होती. डावा दिवा रस्त्याकडे बघायचा, उजवा झाडांकडे. लहानशा खड्ड्यातही पुढून धाडकन आवाज यायचा. डॉक्टर आता निवृत्त होते, हाताशी वेळ होता. त्यांनी नव्या स्प्रिंगांची जोडी मागवली, व्हिडिओ बघितले आणि स्वतःच गाडीखाली शिरले.

“मिस्त्री, डावी स्प्रिंग मधेच अडकलीय,” ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “रविवारपासून तशीच आहे. आणि ती... आवाज करतेय.”

“कसला आवाज?”

“टक्‌. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्‌.”

सबुरीनं एवढंच विचारलं, “शेजारी कोण असतं?”

“भिंतीपलीकडे आईची खोली आहे.”

“आईंना आत्ताच्या आत्ता दुसऱ्या खोलीत हलवा. आणि तुम्ही गॅरेजचं दार ओढून घ्या. आत जाऊ नका.”

फोन ठेवून त्यानं मागं बघितलं तर आक्कानं लेथ बंद केला होता.

“दुसऱ्या कुणाला तरी सांगा म्हणावं त्यांना,” ती म्हणाली.

“दुसरा कोण जाईल? आणि डॉक्टरांना मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?”

 आक्कानं फळीवरून चांगल्या पोलादाचा गज काढला, लेथवर चढवला आणि दोन जाड रॉड बनवायला घेतले, टोकापर्यंत आटे पाडून, त्यांवर चढणारे भक्कम नट जोडीला. मधे एकदा घरी फोन केला तेवढंच, बाकी दीड तास ती मान वर न करता काम करत होती. रॉड त्याच्या हातात देताना तिचे हात तेलानं माखलेले होते.

“घरी सांगितलंय मी. ते पण येतायत तुझ्याबरोबर.”

“भावोजी? कशाला?”

“मला काय विचारतोस! पायात चपला घालून दारात उभे आहेत.”

डॉक्टरांच्या घराचं गॅरेज लांबट आणि अरुंद होतं. एका भिंतीला रंगाचे डबे, दुसऱ्या भिंतीपलीकडे डॉक्टरांच्या आईंची, म्हणजे आजींची, खोली. आजींना हलवून जेवणाच्या खोलीत बसवलं होतं. त्या सबुरीला म्हणाल्या, “त्या भिंतीत पाल आहे रे. दोन दिवस चुकचुकतेय. ह्याला सांगते तर ऐकत नाही.”

डॉक्टर खाली बघत राहिले.

सबुरी दारातूनच आत वाकला. गाडीचं पुढचं अंग दोन स्टँडवर उचललेलं होतं, डावं चाक काढलेलं. स्प्रिंग जिच्यावर बसते ती लोखंडी थाळी चाक धरणाऱ्या खालच्या दोन आर्मना चार बोल्टांनी धरलेली असते. डॉक्टरांनी चारही बोल्ट काढून त्यातल्या दोन भोकांत लांब रॉड घातले होते, म्हणजे नट हळूहळू सैल करत थाळी खाली आणता येईल. पद्धत बरोबर होती. रॉड मात्र दुकानातले, पडदे टांगायच्या लायकीचे. थाळी तीन इंच खाली येऊन तिरकी झाली होती, पुढचा रॉड वाकला होता आणि त्याचा नट आट्यांत रुतला होता. त्या दोन काड्यांच्या आधारानं अख्खी स्प्रिंग दाबात लटकत होती. खाली जॅक नव्हता.

टक्‌.

आवाज मागच्या रॉडमधून येत होता. तिथले आटे एकेक करून तुटत होते.

“जॅक काढून घेतलात?” सबुरीनं विचारलं.

“उजव्या बाजूला लावायला,” डॉक्टर म्हणाले.

सबुरीनं शिवी तोंडात आली तशी गिळली. त्यानं डॉक्टरांना बाहेर पाठवलं. मग पोटावर सरपटत, स्प्रिंग जिकडे उडेल ती बाजू सोडून, त्यानं एक जाड साखळी स्प्रिंगच्या वेढ्यांतून ओवली आणि गाडीच्या सांगाड्याला बांधली. बांधून होईपर्यंत तो जवळजवळ श्वास न घेता काम करत होता. नंतर लांब दांड्याचा जॅक थाळीखाली सारला, मधे लाकडाचा ठोकळा ठेवला. भावोजींनी पुढं होऊन दांडा हातात घेतला.

“तुम्ही बाहेर थांबा, भावोजी.”

भावोजींनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे शब्द जबड्यात घासून बाहेर यायचे, पण सबुरीला सगळे कळायचे.

“त्या दिवशीची चावी,” ते म्हणाले. “तू नीटच आवळली होतीस.”

“काय?”

“तू पान्हा घ्यायला वळलास. मला घाई होती. मीच सैल केली. म्हटलं, अर्धा फेरा.”

टक्‌.

सबुरी गुडघ्यांवर होता. त्यानं भावोजींच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्या वाकड्या शिवणीकडे, जी बघून त्याला एकवीस वर्षं जेवण गेलं नव्हतं.

“आत्ता सांगताय?”

“आधी बोलता येत नव्हतं. बोलता यायला लागलं तोवर तू रोज यायला लागला होतास.” त्यांनी जॅकचा दांडा दुसऱ्या हातात घेतला. “वाटलं, सांगितलं तर यायचा बंद होशील.”

“मग आज का?”

“आज तू एकटा आत शिरणार होतास. माझ्यामुळं शिरणार होतास.”

रुतलेला नट सुटणार नव्हता, रॉड करवतीनं कापावा लागणार होता. अशा मनानं करवत धरायची नाही, एवढं सबुरीला कळत होतं. तो उठला, दाराबाहेर पायरीवर जाऊन बसला. डॉक्टरांनी पाणी आणून दिलं ते तो प्यायला नाही. आतून दोनदा आवाज आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो उठला आणि आत गेला.

“जॅक वर घ्या. सबुरीनं.”

भावोजींनी दांडा दाबला. ठोकळा थाळीला टेकला, करकरला, वजन जॅकवर आलं. सबुरी बाजूनं वाकून वाकलेला रॉड कापायला लागला. करवतीचा आवाज त्या अरुंद खोलीत फार मोठा वाटत होता. रॉड निम्म्यावर आला असेल तेव्हा मागच्या रॉडचे उरलेसुरले आटे एकदम गेले.

थाळी फिरली. ठोकळा सटकला. स्प्रिंग सुटली ती सरळ भिंतीकडे, आजींच्या खोलीच्या भिंतीकडे. साखळी एवढ्या जोरानं ताणली गेली की गाडी स्टँडवर हलली. स्प्रिंग भिंतीच्या वीतभर अलीकडे हवेत थांबली, परत आली, चाकाच्या जागी दणादण आपटली आणि मग नुसती लोंबकळत राहिली. एक रंगाचा डबा खाली पडून पिवळा रंग फरशीवर पसरला.

भावोजी दांडा धरून जागच्या जागी उभे होते. सबुरी कुशीवर पडला होता. करवत हातातून उडून कोपऱ्यात गेली होती आणि त्याच्या तळहातातून रक्त येत होतं. त्याहून जास्त काही झालं नव्हतं.

“लागलं?” भावोजींनी विचारलं.

“नाही.”

त्यानंतर दोघांमध्ये कामापुरतंच बोलणं झालं. जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली तर ती अंगठाभर बुटकी निघाली. आक्काच्या रॉडांवर नवी स्प्रिंग वर चढली तेव्हा कुठं कुरकुर झाली नाही. उजवी बाजू दुपारपर्यंत झाली. गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन तिच्यावर आल्यावर, सबुरीनं सगळे बोल्ट शेवटचे आवळले. हिरवी गाडी पुढून वर आली होती. डॉक्टरांना काहीतरी म्हणायचं होतं, पण दोघांचे चेहरे बघून त्यांनी नुसते हात जोडले.

संध्याकाळी भावोजींनी आक्काला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली, लेथवर एक गज चढवला आणि कापत बसली, कापत बसली, शेवटी लेथच्या पकडीत धरायलाही तो उरला नाही. मग तिनं स्विच बंद केला.

“वर्षभर तुझ्याशी बोलले नव्हते मी,” ती म्हणाली.

“जाऊ दे, आक्का.”

“कसं जाऊ दे? तुझं लग्न ठरत होतं तेव्हा. मुलीकडच्यांनी विचारलं, तर मीच म्हटलं होतं, माणूस बेफिकीर आहे म्हणून.”

हे सबुरीला माहीत नव्हतं.  त्यानं हातावरची पट्टी सोडून पुन्हा घट्ट बांधली, आणि बाहेर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरला.

त्या संध्याकाळी तो भावोजींकडे गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दहाव्या दिवशी दुपारी भावोजीच काठी टेकत गॅरेजात आले आणि टायरच्या चळतीवर बसले. सबुरीनं त्यांना चहा मागवला, गार करून दिला, आणि पाठ फिरवून कामाला लागला. ते रोज यायला लागले. आक्काचा लेथ चालू असायचा. तिघांपैकी कुणीच काही बोलायचं नाही, आणि गिऱ्हाइकं हल्ली आत यायच्या आधी दारात थोडी थबकतात.