शालूबाईच्या चपलेचा नंबर

आमच्या शेजारच्या शालूबाईची लेक प्रतिक्षा फुटबॉलमध्ये गोलकीपर आहे. रविवारी हिंगोलीत तिचा पहिला मोठा सामना. तो बघायचाच, म्हणून आज नामदेवरायाची पूजा उरकून मी शालूबाईसोबत तिकिटासाठी फुटबॉल क्लबवर गेले. खताच्या दुकानापुढे ठेवतात तशी तिनं तिकीटखिडकीपुढे चप्पल ठेवून नंबर लावला आणि सावलीला बसली.

दोन तासांनी क्लबचे सेक्रेटरी आले. "मावशी, इथं तिकीट मिळत नाही. मोबाइलवर मिळतं, तेही मागच्या वर्षीचा पास असलेल्यांना आधी."

"मागच्या वर्षी माझी लेक खेळतच नव्हती. मग मी काहून येऊ, तुमचं तोंड बघायला?"

ते हसले. "नियम आहे. चप्पल उचला."

"न्हाई उचलत. पहिला नंबर माझा हाय."

तिकिटाला आलेल्या इतर बायांनीही तिच्यामागं चपला ठेवल्या. दुपारी रांग फाटकाला भिडली. जेवायला निघालेल्या सेक्रेटरींना चपला ओलांडत जावं लागलं.

परत आल्यावर त्यांनी खिडकी उघडली आणि नव्या लोकांसाठी पन्नास तिकिटं काढली. शालूबाईनं पहिलं तिकीट घेतलं, मगच चप्पल पायात घातली.

नामदेवराया, रविवारी प्रतिक्षाचे हात भक्कम ठेव.