थोरली बुधी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला वाटतं, हा ऑफिसातलं काही घरी आणत नाही. आणतो — फक्त बोलत नाही.

साजगावच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. कंत्राटी कामगारांच्या नोंदी एकाच डेटाबेसमध्ये. गेट, टाइम ऑफिस, कँटीन, सगळे तोच वापरतात. एक माणूस दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की सिस्टीमने नोंद नाकारायची, असं मीच ठरवलं होतं. तेव्हा मला ती मोठी हुशारी वाटली होती.

पण इथल्या ठाकूर आदिवासींच्या वस्त्या तुम्हाला ठाऊक असतील. बुधवारी जन्मली ती बुधी, सोमवारची ती सोमी. आडनाव अर्ध्या वाडीचं एकच, पारधी. आणि जन्मतारीख? गुरुजींनी शाळेत सरसकट एक जून लावलेली, वर्षही अंदाजानं. मी याच तालुक्यात शिकलो. मला हे माहीत नव्हतं, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

त्या सकाळी नव्या बायकांचे पास काढत होतो. बुधी पारधी — सिस्टीम म्हणाली, ही नोंद आधीच आहे. मला वाटलं, जुनी नोंद चुकून राहिली असेल. पुसायला गेलो, तर लॉक. नोंद दुसरीकडे वापरात आहे, थांबा. बाहेर रांग खोळंबलेली, मॅनेजर माझ्या मागे उभे. मी थांबलो नाही. लॉक जबरदस्तीनं तोडला, जुनी नोंद पुसली आणि त्या जागी नव्या बुधीची भरली.

वापरात का होती ती? कारण त्याच क्षणी दुसरी बुधी गेटवर हजेरी लावत होती — कित्येक वर्षं तिथंच काम करणारी. इतकं साधं होतं ते.

वॉचमन तिला माझ्या खिडकीशी घेऊन आला. म्हणाला, या नावापुढं पडद्यावर दुसरीच बाई दिसतेय, ही तिचा पास घेऊन आत शिरतेय.

"सायब, मी थोरली बुधी. ती धाकली, आताशी आलेली," ती म्हणाली. "वाडीत कुनालाबी इचारा."

धाकली मागेच उभी होती. "व्हय सायब, ही आमची थोरली हाय."

मला सगळं कळलं होतं — हे ऐका. कळलं नव्हतं असं नाही. डेटाबेसची आदल्या दिवशीची प्रत होती, नोंद परत आणता आली असती. फक्त मॅनेजरांसमोर 'माझं चुकलं' म्हणावं लागलं असतं. नुकतंच कायम केलं होतं मला. मी पडद्याकडे बघत म्हणालो, "सिस्टीममध्ये एकच बुधी आहे."

वॉचमननं पास काढून घेतला. सगळ्यांदेखत तिला चोर म्हणाला. ती भांडली नाही. डबा उचलून फाटकाबाहेर गेली.

पुढे मी प्रत्येकाला वेगळा नंबर दिला. आता नावं जुळली तरी अडत नाही. मॅनेजरांनी कौतुकही केलं. थोरलीला बोलवा, असं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. ती पुन्हा आली नाही. वाडीतल्या बायका म्हणतात, ती आता डोंगरात लाकडं तोडते आणि कारखान्याचा विषय निघाला की उठून जाते.

धाकली रोज येते. माझ्या खिडकीसमोरच्या गेटवर अंगठा लावते, आणि पडद्यावर नाव येतं — बुधी पारधी. मी म्हणालो होतो तशी, एकच.