चवही बेताचीच

माझी थोरली वहिनी वर्तमानपत्रात खानावळींवर लिहिते. 'आपला तो बाब्या' हा प्रकार तिच्याकडे चालत नाही. जेवण गरम होतं का, ताट स्वच्छ होतं का, तेल-तिखट किती, एवढंच लिहायचं. "मला आवडलं की नाही, हे वाचकाच्या काय कामाचं?" असं ती मलाही सुनावते. मी तिची नणंद. मला सुनावायला धाडस लागतं.

अशी ही बाई धाकट्या वहिनीच्या हाताच्या चवीवर मात्र जळते. दादा, म्हणजे थोरलीचा नवरा, घरी मान खाली घालून निमूट जेवतो. धाकटीकडे गेला की साधी बटाट्याची भाजी पुन्हा पुन्हा मागून घेतो, वर बोटं चाटतो. थोरलीचं लक्ष तेव्हा ताटात नसतं, त्याच्या बोटांवर असतं.

मग धाकटीने खानावळ काढली आणि संपादकांनी नेमकं थोरलीलाच पाठवलं. "माझी जाऊ आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा," एवढं म्हणाली असती तर विषय मिटला असता. पण ही निघाली. मीही सोबत गेले. असली मजा कोण सोडतं? तिने ताट उलटं करून पाहिलं, वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. खोट सापडेना. भाजीचा पहिला घास घेतला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. लगेच तिने दाताखाली खडा आल्यासारखं तोंड केलं.

रविवारी छापून आलं: "जेवण गरम, ताटं स्वच्छ. तेल बेताचं, तिखट बेताचं आणि चवही बेताचीच."

तेल बेताचं ही स्तुती, चव बेताची ही चपराक. पण लोकांनी सगळं एकाच दमात वाचलं आणि चवही अगदी मापात असणार असं गृहीत धरलं. दुपारी धाकटीच्या दारात रांग! तिने ती ओळ फळ्यावर लिहून बाहेर टांगली आणि फोन केला, "ताई, घरची म्हणून उगाच डोक्यावर घेतलं नाहीत, हे फार आवडलं मला." थोरलीला धड रागावताही येईना.

संध्याकाळी तिने बटाट्याचीच भाजी केली. मी होतेच जेवायला. दादाला वाढून ती समोर बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच विचारलं, "कशी झालीय?"

दादाने घास गिळला.

"बेताची."

"म्हणजे?"

"तू लिहितेस तशीच," म्हणत त्याने पुन्हा मान खाली घातली.

वहिनी त्याच्या बोटांकडे बघत बसली.