पितळेची बांगडी

जिने पुसणाऱ्या मावशीच्या हातात वीस वर्षं एकच बांगडी होती. म्हाताऱ्या मालकिणीने मरण्याआधी दिलेली. "पितळेची आहे गं, घालून टाक," म्हणाली होती. बसचा कंडक्टर रोज चिडवायचा, "मावशी, सोनं सांभाळा." मावशीचं उत्तर ठरलेलं, "पितळ आहे रे, ने तुझ्या बायकोला."

रविवारी सराफाच्या दुकानात कामाला असलेल्या भाचीने भिंग लावून बांगडी न्याहाळली. "अगं, इतकी वर्षं फिनाईलमध्ये बुडून पितळ काळं ठिक्कर पडलं असतं. आणि आत हा बारीक शिक्का बघ. अस्सल सोनं आहे, मावशी."

भाची नाचायला लागली. मावशीने मात्र आधी दार लावून घेतलं. देणारी गेली, साक्षीला कोणी नाही. मालकिणीचे मुलगे सरळ म्हणतील, चोरली. तिने मनगटाला साबण चोळचोळ चोळला, पण सुजलेल्या हातातून बांगडी काही निघेना.

सोमवारी कंडक्टर म्हणाला, "मावशी, सोनं सांभाळा." सगळी बस हसली. रोजचं उत्तर मावशीच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. तिने हात पिशवीत खुपसला.

कंडक्टरचं हसू थांबलं. तो पहिल्यांदाच त्या पिशवीकडे नीट बघत राहिला.